एका जागी उभी गाडी

धम्मदीप मेश्राम करडीच्या शाळेत विज्ञान शिकवायचा आणि राहायचा शहापूरला. रोजचं जाणं-येणं वैनगंगेचा पूल ओलांडून, धानाच्या बांध्यांमधून. त्याच्याकडे एक जुनी डिझेल गाडी होती. ती गावाच्या वळणावर आली की तिच्या आवाजानंच पोरांना कळायचं आणि वर्ग शांत व्हायचा. पुढे तिचा धूर वाढला, गिअर अडकायला लागले, तेव्हा त्यानं बॅटरीवर चालणारी गाडी घ्यायचं मनावर घेतलं. त्याची बायको तृप्ती नर्स होती. नवी कशाला, चांगली वापरलेली बघू, असं तिचं म्हणणं पडलं.

तशी गाडी तुमसरला मिळाली. ताराचंद पटले म्हणून राईस मिलवाले होते, कागद त्यांच्या नावावर होते. गाडी पांढरी, ठाकठीक, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काही ठिकाणी तसंच.

"लहान भाऊ वापरत होता," ताराचंद म्हणाले. "आता त्याले लागत नाही."

धम्मदीपनं पुढे काही विचारलं नाही. तृप्तीला मात्र दोन गोष्टी खटकल्या होत्या. किल्ली देताना त्या माणसानं गाडीकडे पाहिलंच नाही, आणि दारी आलेल्या माणसांना चहा घ्या असंही म्हटलं नाही.

शहापूरच्या अंगणात गाडी लागली. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर काढायची आणि तिला जोडायची. धम्मदीपची आई पार्वताबाई ओट्यावर बसून ते पाहायची. "भिताडाले गाय बांधल्यावानी दिसते," ती म्हणाली होती. पण तिला ती गाडी आवडली नाही. आली तरी समजत नाही, गेली तरी समजत नाही, अशी वस्तू घरात असावी का, असं ती शेजारणीला सांगायची.

होळी झाली आणि ऊन चढायला लागलं. शाळेच्या आवारात सावली एका कडुनिंबाची, आणि तिच्यात हेडमास्तरांची गाडी. धम्मदीपची गाडी दिवसभर उन्हात तापायची. एका संध्याकाळी त्यानं दार उघडलं तर आतून गार हवा तोंडावर आली. एसी चालू होता. सकाळी आपणच बंद करायला विसरलो, असं त्याला वाटलं, आणि बॅटरी वाया गेली म्हणून तो स्वतःवरच चिडला. दुसऱ्या दिवशी त्यानं आठवणीनं सगळं बंद केलं, दार दोनदा ओढून पाहिलं. संध्याकाळी गाडी पुन्हा गार.

मग ते रोजचं झालं. शनिवारी शाळा सकाळची असते. पहिल्या शनिवारी तो दुपारी गाडीत बसला तर आत भट्टी होती, स्टिअरिंगला हात लावता येईना. पुढच्या शनिवारी दुपारी गाडी गार होती. एप्रिलमध्ये सगळ्याच दिवशी सकाळची शाळा सुरू झाली तेव्हाही तसंच झालं. पहिल्या दिवशी गरम, नंतर गार. आपण केव्हा निघतो हे कोणीतरी पाहत आहे आणि लक्षात ठेवत आहे, हा विचार त्याच्या मनात आला तेव्हा तो आवारात उभा होता. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. बंद काचांच्या आत पंख्याचा बारीक आवाज चालला होता. त्यानं दार उघडण्याआधी मागची सीट वाकून पाहिली, आणि आपण असं पाहिलं याची त्याला लाज वाटली.

लाज वाटायला कारण होतं. शाळेत अंधश्रद्धेवरचे कार्यक्रम तोच करायचा. जिभेवर कापूर जाळून दाखवायचा, नारळातून निघणाऱ्या करणीमागची हातचलाखी पोरांना उलगडून सांगायचा. घरातही तेच वळण होतं. पार्वताबाईच्या सासूनं दीक्षेनंतर घरातले देव वैनगंगेत सोडले होते, आणि देवांसोबत भुतंही वाहून गेली, असं ती म्हातारी सुनेला सांगायची. अशा घरातल्या माणसानं गाडीत कोणी आहे असं कोणाला सांगायचं? त्यानं नागपूरच्या दुरुस्तीवाल्यांना फोन केला, ते गाडी घेऊन या म्हणाले, आणि आज जाऊ उद्या जाऊ करत तो गेला नाही.

घरी पार्वताबाईनं वेगळंच काही पाहिलं होतं. दिवेलागणीला ती ओट्यावर एकटी बसलेली असायची. त्या वेळी अंगणातल्या गाडीचे दिवे एकदा लुकलुकायचे आणि दारं खट्‌ करून बंद व्हायची. धम्मदीपनं आधीच बंद केलेली असली तरीही. कोणीतरी घराची कडी लागली का म्हणून ओढून पाहून जावं तसं.

"रोज येते आन कडी पाहून जाते," ती एकदा तृप्तीला म्हणाली. तृप्तीनं ते म्हातारपणावर घातलं. नंतर तिनं स्वतः पाहिलं, आणि तीही नवऱ्याला बोलली नाही. गाडी त्यानं हौसेनं घेतली होती.

असं तिघंही आपापल्या जागी गप्प होते, आणि कदाचित आणखी बरेच दिवस गप्प राहिले असते. पण धम्मदीपला ताप आला.

शाळेतच अंग कसकसत होतं. दुपारी तो निघाला, पण वाटेतल्या तलावाच्या पाळीपर्यंत, त्या मातीच्या बांधापर्यंत आला आणि डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. त्यानं गाडी एका मोहाच्या झाडाखाली घेतली, काचा लावल्या, एसी चालूच ठेवला आणि सीट मागे टाकून डोळे मिटले. पाच मिनिटं पडावं आणि निघावं, एवढाच विचार होता. तलावाचं पाणी खाली गेलेलं, उन्हाळी धान पलीकडे हिरवंगार, आणि रस्त्यावर कोणी नाही. त्याला गाढ झोप लागली.

हॉर्न वाजायला लागला तेव्हा आधी त्याला ते स्वप्नात वाटलं. मग तो दचकून उठला. हॉर्न त्याच्याच गाडीचा होता. त्याचा हात पोटावर होता, स्टिअरिंगला कशाचाही धक्का लागलेला नव्हता. दिवे भर उन्हात उघडझाप करत होते. हॉर्न थांबला, पुन्हा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. तापलेल्या डोक्यात त्याला वाटलं की कोणी त्याला गाडीतून हाकलत आहे, ऊठ, ही तुझी जागा नाही, म्हणत आहे. तो दार उघडून बाहेर पडला आणि मोहाच्या बुंध्याला धरून उभा राहिला. तेव्हा हॉर्न बंद झाला. पुन्हा आत बसायला त्याला बराच वेळ लागला. शहापूरपर्यंत तो सगळ्या काचा उघड्या टाकून आला.

ताप उतरल्यावर त्यानं तृप्तीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दिवेलागणीचं सांगितलं. मग ती नर्सच्या सवयीनं एक-एक गोष्ट विचारत गेली. अशा गाड्यांचं फोनमध्ये ॲप असतं ना? ते कोणाकडे आहे? धम्मदीपनं ते कधी घेतलंच नव्हतं. गाडी चालते, चार्ज होते, आणखी काय पाहिजे, असं त्याला वाटलं होतं. दोघांनी बसून त्याच्या फोनवर ॲप घेतलं, कागदावरचा नंबर टाकला. पडद्यावर उत्तर आलं की ही गाडी आधीच दुसऱ्या एका माणसाला जोडलेली आहे. खाली नाव होतं, भूपेंद्र पटले.

धम्मदीपला हसूच आलं. म्हणजे ताराचंदचा भाऊ घरबसल्या गंमत करतो तर. त्यानं तिथल्या तिथे ताराचंदला फोन लावला आणि भावाला जरा समजवा म्हणाला.

कोणाला समजवा, असं ताराचंदनी पुन्हा विचारलं.

"सर, भूपेंद्र नाही ना आता," ताराचंद म्हणाले. "दसऱ्यानंतर गेला. अटॅक आला त्याले. मिलच्या आवारात." मग ते म्हणाले, "गाडीतच."

आपण हे सांगायला पाहिजे होतं, असं ते पुढे म्हणाले, पण मग गाडी कोणी घेतली नसती, आणि ती दारात उभी राहिलेली घरात कोणाला पाहवत नव्हती. तृप्तीनं फोन हातात घेतला आणि भूपेंद्रचा मोबाईल कुठे आहे म्हणून विचारलं. तो बंद करून कपाटात ठेवला आहे, किल्ली माझ्याजवळ आहे, असं ताराचंदनी सांगितलं. ते खरं बोलत होते, हे आवाजावरून कळत होतं. त्यांनाही आता भीती वाटायला लागली होती.

त्या संध्याकाळी तिघंही ओट्यावर बसले. चहा निवून गेला. अंगणात अंधार उतरत होता, वायर खिडकीतून गाडीपर्यंत गेलेली होती. ठरल्या वेळी दिवे लुकलुकले आणि दारं खट्‌ वाजली.

"आपण गेलो, हे समजलं नसंल त्याले," पार्वताबाई म्हणाली.

वर्गात पोरांना सांगायची सगळी वाक्यं धम्मदीपला पाठ होती आणि त्यातलं एकही तोंडातून निघत नव्हतं. तृप्ती गाडीकडे बघत होती. तिनं विचारलं, "त्याची बायको असंल ना? तिच्या फोनात असंल ते ॲप."

रविवारी ते दोघं तुमसरला गेले. रस्ताभर तृप्तीचा राग वाढत गेला. कोणी परकी बाई आपण कुठे जातो, केव्हा येतो, रोज पाहते, याला काय म्हणायचं? आजच्या आज ते बंद करून घ्यायचं, असं ती म्हणत होती. आपण आत्ता येत आहोत हेही तिला दिसत असेल, हे धम्मदीपच्या मनात आलं, पण तो बोलला नाही.

पटल्यांच्या गल्लीत गाडी वळली तेव्हा फाटकाशी एक बाई उभी होती. पस्तिशीच्या आसपासची, साध्या साडीतली, हातात फोन. या दोघांनी येणार म्हणून कोणालाही कळवलेलं नव्हतं. गाडी थांबली तशी ती ड्रायव्हरच्या दाराकडे पाहत राहिली. धम्मदीप उतरल्यावर तिनं मान खाली घातली.

ती कामिनी, भूपेंद्रची बायको.

तिनं काही लपवलं नाही. ताराचंद आणि सासू रुखमिणीबाई आत होते. त्यांच्या समोरच तिनं सांगितलं, आणि त्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं. गाडी घेतली तेव्हा भूपेंद्रनं ॲप तिच्या फोनमध्ये टाकून दिलं होतं. मिलमधून निघताना तो मिस कॉल द्यायचा, मग ती घरून एसी चालू करायची. गाडीला कडी घालायला तो नेहमी विसरायचा, तेही ती संध्याकाळी इथूनच करायची. गाडी विकली तेव्हा ॲप काढून टाका असं कोणी म्हटलं नाही, आणि तिनं काढलं नाही. आधी ती नुसती नकाशावर गाडी पाहायची. पूल ओलांडला, करडीला पोचली, शहापूरला परत गेली. मग ऊन वाढलं.

"मले माहीत होतं का तुमी दुसरे आहा," ती धम्मदीपला म्हणाली. "येडी नाही मी. पण गाडी उन्हात उभी दिसे. बोट आपोआपच जाये."

तृप्तीनं तलावाच्या पाळीवरचं विचारलं. माणूस तापानं पडला होता, त्यात तुम्ही हॉर्न वाजवले, तो किती घाबरला, असं ती बऱ्याच कडक आवाजात म्हणाली.

कामिनीनं फोन मांडीवर उलटा ठेवला. भूपेंद्र गेला त्या दिवशी त्याचा मिस कॉल आला, तिनं एसी लावला. मग ती जेवण गरम करून पडद्याकडे पाहत बसली. गाडी मिलच्या आवारात उभी. एसी चालू. दारं बंद. म्हणजे तो आत बसला आहे, फोनवर कोणाशी तरी बोलत आहे, असं तिला वाटलं. कामाचं बोलताना मध्ये फोन केलेला त्याला आवडत नसे. म्हणून तिनं केला नाही. भाजी निवली, तिनं पुन्हा गरम केली. गाडी तिथेच. मिलमधल्या लोकांनीही पाहिलं होतं, काचा लावून मालक आराम करून राहिले, असं त्यांना वाटलं. आत गारवा होता म्हणून कोणाला लवकर काही कळलंच नाही.

"डॉक्टर म्हणतात का बसल्याबरोबर गेले असतील. फोन केला असता तरी काही झालं नसतं." तिनं धम्मदीपकडे पाहिलं. "त्या दिवशी तुमची गाडी तशीच दिसली. मधेच, एका जागी उभी. एसी चालू, दारं बंद. म्या वाट नाही पाहिली मग."

रुखमिणीबाईंनी पदर तोंडाला लावला होता. तृप्तीचा राग कुठे गेला ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिच्या आरोग्य केंद्रात माणसं मरताना तिनं पाहिली होती. पण कोणाला असं दुरून, पडद्यावर, काही न कळता पाहत राहावं लागलं असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

काढून टाका, म्हणत कामिनीनं फोन पुढे केला. धम्मदीपनं तो घेतला नाही. तेव्हा ती म्हणाली की एकदा गाडीत बसू द्या, मिलपर्यंत घेऊन चला. ती त्या आवारात तेव्हापासून गेली नव्हती. ताराचंद नको म्हणायला उठले, पण रुखमिणीबाईंनी त्यांना हातानंच बसवलं.

मिल बंद होती. आवारात कोंड्याचा ढीग होता, धूळ होती, आणि ऊन पांढरं पडलं होतं. कामिनीनं नेमकी जागा दाखवली नाही, पण एका भिंतीशी ती थांबा म्हणाली आणि धम्मदीप थांबला. मग तिनं त्यांना दोघांना उतरायला सांगितलं. ती पुढून फिरून ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. तिला गाडी चालवता येत नव्हती. तिनं दार ओढून घेतलं. एसी चालू होता.

दोघं उन्हात उभे राहिले. गाडी कुठलाही आवाज न करता उभी होती. काचेतून कामिनीचं डोकं मागे टेकलेलं दिसत होतं, डोळे मिटलेले. आधी ते दोघं मुद्दाम दुसरीकडे पाहत होते. ती रडत असेल तर रडू द्यावं, असं त्यांना वाटलं. पण ती रडत नव्हती, हलतही नव्हती. वेळ जायला लागला. धम्मदीपच्या पाठीवरून घाम उतरत होता आणि एकदम त्याला आठवलं. या जागी उभं राहून काही माणसांनी असंच पाहिलं होतं आणि असाच विचार केला होता. असू द्या, आराम करून राहिले.

तो हलण्याआधी तृप्ती चालायला लागली होती. तिनं जाऊन काचेवर बोटांनी टकटक केली. आत काही हललं नाही. तिनं अख्ख्या तळव्यानं काच वाजवली, आणि कामिनीचं नाव घेतलं.

कामिनीनं डोळे उघडले. फार लांबून परत आल्यासारखी ती तृप्तीकडे पाहत राहिली. मग तिनं दार उघडलं आणि ती रडली. तृप्तीनं तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. दार उघडंच राहिलं आणि आतला गारवा सगळा निघून गेला.

ॲप तिथेच काढलं, त्या आवारात. तृप्तीनंच काढलं. शेवटचं बटण दाबताना तिनं कामिनीला विचारलं, आणि कामिनीनं मान हलवली. परत घरी सोडल्यावर या वेळी ताराचंदनी चहा घ्याच म्हटलं. गाडी परत घ्यायची असेल तर घेतो, असंही ते म्हणाले. धम्मदीपनं नाही म्हटलं.

त्यानंतर गाडीनं कधी काही केलं नाही. दुपारी ती तापलेली असते, कडी घालायला विसरलं तर रात्रभर उघडीच राहते. पार्वताबाई अजून दिवेलागणीला अंगणाकडे तोंड करून बसते. तिला विचारलं तर म्हणते, हवा येते म्हणून बसली. कामिनीचा तृप्तीला मधूनमधून फोन येतो. ती आता मिलच्या ऑफिसात बसायला लागली आहे. दोघी गाडीचं काही बोलत नाहीत.

धम्मदीप शाळेतले कार्यक्रम पूर्वीसारखेच करतो. भूत नसतं, हे तो पोरांना सांगतो आणि त्याला ते पटलेलंही आहे. पण एक गोष्ट त्याच्यात राहून गेली आहे. भंडाऱ्याच्या रस्त्यावर झाडाखाली कुठे एखादी गाडी काचा लावून उभी दिसली आणि आत कोणी मान टाकून पडलेलं दिसलं, की त्याला पुढे जाता येत नाही. तो आपली गाडी बाजूला लावतो, उतरतो आणि जाऊन काच वाजवतो.

माणसं दचकून उठतात. बहुतेक चिडतात. परवा असाच एक औषधांच्या कंपनीचा पोरगा काच खाली करून काहून उठवलं म्हणून ओरडला. धम्मदीप त्याच्या तोंडाकडे नीट पाहत उभा राहिला.

"काही नाही," तो म्हणाला. "झोप तू."